घोडा उलटतो तेव्हा

अंधेरी-बोरिवलीहून लोकलने महालक्ष्मीला उतरले की रेसकोर्सवर 1942 साली स्थापन झालेला अमॅच्युअर रायडर्स क्लब हा घोडेस्वारीचा क्लब आहे. घोडेस्वारीतल्या मैदानी शो-जंपिंगमध्ये अडथळ्याला घोड्याचा पाय लागला तर दांडी खाली पडते. मोकळ्या रानातून धावायच्या क्रॉस-कंट्रीत अडथळा म्हणून ठेवलेले ओंडके मात्र पक्के असतात. पुढचे पाय गुडघ्याच्या वर अडकले, की धावता घोडा पुढे कोलांटी खातो आणि सुमारे 500 किलोंचे धूड स्वारावर कोसळू शकते. या खेळातला हाच सर्वांत घातक अपघात! म्हणून आता अनेक ओंडके ठरावीक जोर बसताच तुटणाऱ्या खिळीवर टेकवतात. खोगिराला दोरीने जोडलेले हवेचे जॅकेट स्वार फेकला जाताच फुगते. घोड्याखाली सापडल्यास तेही अपुरे पडते. पालकांनो, जोराचा मार बसलेले हेल्मेट मुलांना पुन्हा घालू देऊ नका.