पाळणाघरातल्या मावशींचा पगार

घरच्या दोन खोल्यांत पाळणाघर सुरू होतं, सहा मुलांची बारा होतात आणि हाताशी एक मावशी ठेवावी लागते. तिथून ताईंची धास्ती सुरू होते: आता लायसन, टॅक्स, पीएफ! मग पगार दर महिन्याला पाकिटातून जातो आणि कागदोपत्री मावशी नसतेच. या धास्तीत फारसं तथ्य नाही. त्यापायी नुकसान होतं ते मात्र मावशींचं.

आधी गुमास्ता. दुकानं आणि आस्थापनांचा नवा कायदा राज्यात डिसेंबर 2017 पासून लागू आहे. मोजकेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही. व्यवसाय सुरू केल्यापासून 60 दिवसांत ‘फॉर्म एफ’ भरून ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोचपावती जपून ठेवायची, एवढंच.

खरा गोंधळ व्यवसाय कराचा. लोक त्याला पीटी म्हणतात, आणि तो दोन वेगळ्या खात्यांत येतो. पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचा स्वतःचा वर्षाला 2,500 रुपये. तो सहसा 30 जूनपर्यंत भरायचा. दुसरा कर्मचाऱ्याच्या पगारातून कापायचा. एप्रिल 2023 पासून महिलांना महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. म्हणजे 12,000 रुपये घेणाऱ्या मावशींच्या पगारातून एक रुपयाही कापायचा नाही. पण मुलांना आणा-सोडायला ठेवलेला ड्रायव्हर तेवढेच 12,000 घेत असेल, तर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापून सरकारकडे भरायचे, त्यासाठी मालक म्हणून वेगळी नोंदणी करायची. बऱ्याच जणींची गल्लत इथेच होते.

एवढ्या पगारावर टीडीएसचा प्रश्न येत नाही. पीएफची सक्ती वीस माणसांपासून. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की.

मग पाकीट कशाला? पगार बँकेत जमा करा. हिशेब ठेवून विवरणपत्र भरणाऱ्या ताईंना तो खर्च म्हणून दाखवता येतो. आणि मावशींना कर्ज हवं असेल, तर दाखवायला पासबुकात दर महिन्याची नोंद असते. हजेरी, कामाचे तास, सुट्ट्या, पगार यांची एक वही ठेवून महिनाअखेर त्यांची सही घ्या. किमान वेतन आपल्या भागात किती आहे तेही पाहा. एकच मावशी असली म्हणून ते चुकत नाही. गावाकडून ‘हाताखाली’ आणलेली चौदा वर्षांखालची पोर मात्र कुठल्याही परिस्थितीत कामाला ठेवता येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण केली. सीसीटीव्हीमुळे ते उघड झालं आणि राज्य हादरलं. पण ‘फॉर्म एफ’मध्ये कामगार किती हे विचारतात, लेकरू कोणाच्या हाती आहे, तिला अनुभव किती, हे नाही. ती विचारपूस ताईंनीच करायची आहे: आधारची प्रत, आधीच्या दोन घरी फोन, पोलीस पडताळणी. आणि पालकांनी मुलाला पहिल्यांदा सोडताना या पडताळणीचा कागद बिनदिक्कत मागावा.