लस टोचायची की नाकात सोडायची?

पावसाळा तोंडावर आला की पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसे घटसर्पाची लस घेऊन गावात येतात, आणि दरवर्षी काही दावणी तशाच राहून जातात. कुणाचा बैल सुई बघूनच दावे तोडतो, कुणी म्हणतो, "म्हशीचं दूध आटतंय, पुढच्या खेपेला बघू." मग मृगाच्या दोन सरी पडतात आणि रात्री चारा खाल्लेली म्हैस सकाळी घशाला सूज येऊन घुरघुरू लागते. डॉक्टर येईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. सभासद बंधूंना हे आम्ही नव्याने सांगायला नको. पण या रोगावर नाकातून देण्याची लसही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

घटसर्पाचा जंतू, पाश्चुरेला मल्टोसिडा, काही धडधाकट जनावरांच्या घशातच मुक्कामाला असतो. पावसाचा मारा, चाऱ्याची टंचाई, अति कष्ट यांनी जनावर थकले की तो उचल खातो, फुप्फुसात उतरतो आणि रक्तात भिनतो. एकाच्या नाकातोंडातून गळणाऱ्या लाळेतून, दोणीतल्या पाण्यातून तो दुसऱ्याकडे जातो. गाडीतळावर दहा गावची बैले एकत्र येतात, तिथे कोणता बैल काय घेऊन आला आहे हे वरून दिसत नाही.

आता टोचलेली लस काय करते? तिच्यामुळे तयार होणारी प्रतिद्रव्ये मुख्यतः रक्तात फिरतात. त्यांतली काही फुप्फुसात झिरपतात, पण नाकाघशाच्या ओल्या अस्तरावर फार थोडी पोचतात. म्हणजे राखणदार घरात आणि दार उघडे. लस नाकावाटे दिली तर त्या अस्तरावरच आयजीए नावाची वेगळी प्रतिद्रव्ये पाझरू लागतात आणि जंतूला चिकटून बसू देत नाहीत. शिवाय जुन्या शत्रूची ओळख ठेवणाऱ्या काही पेशी नाकात आणि फुप्फुसातच वस्तीला राहतात. जंतू उतरलाच, तर रक्तातून कुमक येईपर्यंत त्या थांबत नाहीत. रात्री दारे धरणाऱ्याला हे चटकन कळेल. वाफ्यात शिरलेले पाणी उपसत बसण्यापेक्षा चारीचे दारेच बंद केलेले बरे.

हे नुसते कागदावर राहिलेले नाही. म्यानमारने, म्हणजे आपली वडीलधारी मंडळी ज्याला ब्रह्मदेश म्हणत त्या देशाने, १९८९ सालापासून गाईबैलांना आणि म्हशींना घटसर्पाची लस नाकात फवारून दिली. इंग्लंडमधल्या हरणांत सापडलेला या जंतूचा एक भाऊबंद त्यासाठी वापरला. नाकावाटे दिला तर तो गुरांना रोग करत नाही, पण खऱ्या घटसर्पाची ओळख मात्र पटवून देतो. सहा महिन्यांवरील जनावराला एक फवारा दिला की वर्षभर संरक्षण मिळते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने आशियाई देशांसाठी या लशीची शिफारसही केली. तरी बाकीचे देश टोचण्याच्या मेलेल्या जंतूंच्या लशीवरच राहिले. लस जिवंत जंतूची, तेव्हा बर्फातून ती गोठ्यापर्यंत जिवंत पोचवण्याचे काम आलेच. ते सोपे नाही हे कबूल, पण मुळी प्रयत्नच होऊ नये याचे आम्हाला नवल वाटते.

माणसांतही हाच शोध चालू आहे. डांग्या खोकल्याच्या नव्या पद्धतीच्या लशीचा अमेरिकन शास्त्रज्ञांनी बबून वानरांवर प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. टोचलेली वानरे खोकली नाहीत, पण जंतू त्यांच्या घशात कित्येक आठवडे राहिला आणि शेजारच्या वानरांना लागला. फ्रान्समधील लील येथील पाश्चर संस्थेत तयार झालेली, नाकात घ्यायची डांग्या खोकल्याची लस हीच उणीव भरून काढण्यासाठी आहे. माणसांवरील चाचणीत तिने नाकात प्रतिद्रव्ये तयार केल्याचे २०२३ साली जाहीर झाले. पुण्याच्या सीरम संस्थेने तर २०१० सालीच स्वाइन फ्लूची नाकातली लस आणली होती. फ्लू हा विषाणूचा रोग खरा, पण तो फुप्फुसाचे अस्तर खरवडून ठेवतो आणि मागून जंतूंचा न्यूमोनिया घुसतो. १९१८ च्या मानमोडीत बहुतेक माणसे या दुसऱ्या घावानेच गेली.

आपल्याकडे आज घटसर्पासाठी सुईच आहे, आणि ती जनावर वाचवते. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू होण्याआधीच लस पडायला हवी. मानेवर गाठ आली तर घाबरू नये, ती हळूहळू बसते. त्या दिवशी बैल जुंपू नये. आणि दारात पथक आले की सगळी दावण दाखवावी, एकटी दुभती म्हैस नव्हे.