परदेशी पाहुण्याला पायघड्या, पण गटार कुणाचे?

मुलाला किंवा मुलीला बंगळूरला नोकरी लागली की मराठी घरात पहिला प्रश्न पगाराचा निघतो आणि दुसरा राहण्याचा. ऑफिस व्हाइटफील्डला असेल तर तिसराही विचारावा: तिथला कारभार कोण पाहतो? परदेशी कंपनी कुठे येते हे राज्य सरकार ठरवू शकते. पण तिथे माणसे सुखाने राहतात की नाही, हे ठरते गावकारभारावर.

व्हाइटफील्ड ही मूळची अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीवाडीची वसाहत. म्हैसूरच्या महाराजांनी १८८२ मध्ये तिला जमीन दिली. पुढची शंभर वर्षे ती शांतच होती. १९९१ नंतर चित्र पालटले. परकीय गुंतवणुकीचे नियम दिल्लीच ठरवत राहिली, मात्र जमीन, पाणी आणि स्थानिक परवाने राज्यांच्या हाती होते. साहजिकच पाहुणा एक आणि यजमान अनेक, अशी चढाओढ सुरू झाली.

कुंपणाच्या आत सिंगापूर

कर्नाटकाने संधी साधली. सिंगापूरच्या कंपन्यांचा गट, टाटा आणि राज्याचे औद्योगिक विकास मंडळ यांच्या भागीदारीत व्हाइटफील्डला तंत्रज्ञान संकुल उभे राहिले. १९९४ मध्ये बांधकाम सुरू झाले. विजेचा भरवसा नको म्हणून संकुलाने स्वतःचे वीजकेंद्रच बांधले.

कुंपणाबाहेर मात्र वेगळीच तऱ्हा. हा भाग शहराच्या महापालिकेत आला तो थेट २००७ मध्ये. तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या; रस्ते, गटारे आणि नळ मागून धापा टाकत येत होते. टँकर नेहमीचाच झाला. मेट्रो यायला मार्च २०२३ उजाडला. सप्टेंबर २०२२ च्या पुरात या परिसरातले संगणक अभियंते चक्क ट्रॅक्टरवर बसून कामाला गेले! आणि गाऱ्हाणे सांगायला नगरसेवकही नव्हता, कारण महापालिकेची मुदत २०२० मध्येच संपली होती आणि निवडणूक झालेली नव्हती. शहरांना अधिकार देऊ करणारी ७४ वी घटनादुरुस्ती तर १९९३ पासून अमलात आहे. २०२५ मध्ये बंगळूरच्या पाच महापालिका झाल्या आणि व्हाइटफील्ड पूर्वेकडच्या महापालिकेत गेले.

शेजारी टपलेलेच

राज्याचे चुकले तर शेजारी लगेच हात पुढे करतो. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारे विधेयक मंजूर केले. भूमिपुत्रांची ती मागणी अनाठायी नव्हती. पण उद्योजकांनी नाराजी दाखवताच आंध्रचे मंत्री नारा लोकेश यांनी त्यांना विशाखापट्टणमचे आमंत्रण दिले आणि कर्नाटकाने विधेयक बाजूला ठेवले. राज्याला असा शेजाऱ्याचा धाक असतो. तुंबलेल्या गटाराला धाक असतो तो फक्त मतदाराचा, आणि तोच इथे काढून घेतला गेला होता.

आपण बंगळूरला हसायचे कारण नाही. हिंजवडीतही संगणक उद्यान एमआयडीसीने उभारले आणि भोवतालचे गाव ग्रामपंचायतीवर सोडले. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तिथेही कित्येक वर्षे प्रशासकांचेच राज्य होते.

तेव्हा पुढच्या वेळी मंत्री परदेशातून कोट्यवधींचे करार घेऊन आले, की टाळ्या जरूर वाजवा. मात्र त्याच बैठकीत हेही विचारा, की त्या कारखान्याबाहेरचा रस्ता, नळ आणि गटार कुणाकडे असेल, आणि त्याला आपण मत देऊन बदलू शकू काय?