जनपदाचे आरोग्य आणि न्यायालयाचा आदेश

चरकसंहितेच्या विमानस्थानात वायू, जल, देश व काल यांची विकृती हे जनपदोद्ध्वंसाचे कारण सांगितले असून, तिच्या मुळाशी अधर्म, त्यातही नगराच्या व जनपदाच्या प्रमुखांचा अधर्म असल्याचे म्हटले आहे. दूषित जलाने झालेल्या अतिसाराची चिकित्सा वैद्य करू शकतो. वाहते गटार बंद करणे मात्र त्याच्या हाती नसते. तेथे कायद्याचे साहाय्य घ्यावे लागते.

दंड हा घडून गेलेल्या अपराधाबद्दल असतो. मनाई हुकूम वा तत्सम आदेश चालू उपद्रव थांबवितो आणि प्रसंगी कर्तव्यही करावयास लावतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेचा खटला.

तेथील न्यू रोड परिसरातील रहिवासी उघडी गटारे, मद्यार्क कारखान्याचे सांडपाणी, शौचालयांअभावी रस्त्याकडेला होणारे मलविसर्जन व डास यांनी त्रस्त होते. त्यांनी तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ अन्वये दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. दंडाधिकाऱ्यांनी सहा महिन्यांत योजना तयार करण्याचा आदेश दिला. सत्र न्यायालयाने तो रद्द केला, उच्च न्यायालयाने पुनः कायम केला, आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की, पैसा नाही. शिवाय परिसराची अवस्था ठाऊक असूनच हे लोक तेथे राहावयास आले! (रोग्याने रोग ओढवून घेतला, सबब औषध नाही, अशातला हा प्रकार.) १९८० साली न्या. कृष्ण अय्यर व न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी हे अपील फेटाळले. निधीची अडचण ही वैधानिक कर्तव्य टाळण्याची सबब होऊ शकत नाही, असे सांगून सांडपाणी रोखणे, पाण्याची सोय असलेली शौचालये बांधणे, डासांची उत्पत्ती होणारे खड्डे बुजविणे इत्यादी कामे त्यांनी मुदतीसह ठरवून दिली.

ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. पोलिसांच्या अहवालावरून किंवा अन्य माहितीवरूनही कार्यकारी दंडाधिकारी कार्यवाही करू शकतात. म्हणजे वैद्याचे पत्रही पुरेसे ठरू शकते. धोका निकट असल्यास चौकशी चालू असतानाच कलम १६१ अन्वये तात्काळ आदेश देता येतो, तर कलम १५८ अन्वये तज्ज्ञास पाचारण करता येते. म्हणून एकाच वस्तीतून विषमज्वराचे वा कामलेचे रुग्ण येऊ लागल्यास तारीख, वस्ती व पाण्याचा स्रोत यांची नोंद रुग्णपत्रिकेत अवश्य ठेवावी. चौकशीत असा पुरावाच मागितला जातो.