अक्षरांच्या वाटेने आत

ब्राउझर आणि ई-मेल सॉफ्टवेअर यांतले सुरक्षादोष म्हणजे प्रोग्रॅम लिहिताना राहून गेलेल्या चुका. रोजच्या वापरात त्या कोणाला जाणवत नाहीत. मात्र मुद्दाम बिघडवलेले पान, चित्र किंवा पत्र उघडले गेले, की त्या चुकीतून परका प्रोग्रॅम संगणकात शिरू शकतो. भारतीय भाषांचे वाचक ज्या सोयीवर विसंबून होते, तिच्यातच असा एक दोष निघाला. ती सोय होती पानाबरोबर येणारा फॉन्ट.

देवनागरीला युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीत १९९१ पासून जागा होती. पण २००० च्या सुमारास घरोघरी असलेल्या विंडोज ९८ ला ती लिपी नीट मांडता येत नसे. त्यामुळे मराठी संकेतस्थळे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी वळणे बसवलेले फॉन्ट वापरत. कवी केशवसुतांच्या जन्मगावाविषयीचे असे एखादे पान फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले, तर ‘मालगुंड’ या चार अक्षरांऐवजी टिंबे-टोप्या घातलेली, उच्चारताही न येणारी रोमन चिन्हे दिसत. प्रत्येक संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा, आणि तो आधी उतरवून घ्यावा लागे.

यावरचा उपाय म्हणजे ‘डायनॅमिक फॉन्ट’. पानाबरोबर फॉन्टही आपोआप येई आणि मजकूर वाचता येई. मायक्रोसॉफ्टने यासाठी ‘एम्बेडेड ओपनटाइप’ हा दाबून लहान केलेला फाइलप्रकार काढला. तो फक्त इंटरनेट एक्स्प्लोररला कळत असे. साहजिकच मराठी वाचकाची त्या ब्राउझरशी गाठ पडली. वाचकाला काहीही न विचारता परक्या ठिकाणची फाइल उघडली जाणे, हेच या सोयीचे मर्म होते आणि हेच तिचे वर्मही.

१० जानेवारी २००६ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या वर्षाच्या दुसऱ्या सुरक्षापत्रकात हा दोष जाहीर केला आणि त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, दिला. दाबलेला फॉन्ट उलगडताना विंडोज त्याच्यासाठी स्मृतीत ठरावीक जागा राखते. मुद्दाम बिघडवलेल्या फॉन्टमध्ये त्या जागेत न मावणारा मजकूर भरलेला असे. शेराच्या मापात दीड शेर तांदूळ ओतावा, तसा वरचा भाग शेजारच्या जागेत सांडे. त्या शेजारी प्रोग्रॅमच्या कामाची माहिती असली आणि सांडणारा मजकूर हिशेबाने रचलेला असला, तर संगणक हल्लेखोराच्या आज्ञा पाळू लागे. फॉन्ट उलगडणाऱ्या याच भागात जुलै २००९ आणि जानेवारी २०१० मध्ये आणखी दोष सापडले.

ई-मेल यातून सुटली नाही, कारण आउटलुक एक्स्प्रेस सजवलेले पत्र दाखवण्यासाठी इंटरनेट एक्स्प्लोररचेच यंत्र वापरत असे. ब्राउझरमधले भोक तेच पत्रपेटीतले भोक. १८ सप्टेंबर २००१ रोजी पसरलेल्या ‘निमडा’ या घातक प्रोग्रॅमने हे दाखवून दिले. पत्राला जोडलेला प्रोग्रॅम ध्वनिफीत असल्याची बतावणी करी, आणि पॅच न बसवलेल्या संगणकावर पत्राची नुसती झलक दिसली तरी तो चालू होई. त्याआधी ४ मे २००० च्या ‘आय लव्ह यू’ या तशाच प्रोग्रॅमला निदान जोडपत्रावर टिचकी तरी लागत होती. विंडोज फाइलच्या नावाचे शेवटचे शेपूट लपवत असल्याने तो प्रोग्रॅम साध्या मजकुरासारखा दिसे.

टिचकीची वाट आजही बंद झालेली नाही. मे २०१६ मध्ये मुंबईत मंत्रालयातल्या सुमारे १५० संगणकांना ‘लॉकी’ या खंडणीखोर प्रोग्रॅमची लागण झाली. लॉकी बहुधा बिलाचे रूप घेतलेल्या वर्ड फाइलमधून येई. ‘मॅक्रो’ म्हणजे फाइलमध्ये दडवलेल्या आज्ञा; ‘मॅक्रो चालू करा’ ही तिची विनंती मानली, की संगणकातल्या फायली कुलूपबंद होत. मालगुंड-गणपतीपुळे पट्ट्यात घरगुती निवास चालवणाऱ्यांना अनोळखी माणसांची पत्रे उघडावीच लागतात. खोलीची चौकशी करणाऱ्या पत्राला बिलाची फाइल जोडलेली असेल, तर तेवढ्यावरूनच शंका यायला हवी.

सॉफ्टवेअर वापराने झिजत नाही. ते जुने होऊन धोक्याचे ठरते याचे कारण वेगळे आहे. पॅच प्रसिद्ध झाला की नेमकी कुठे दुरुस्ती झाली हे ताडून पाहता येते, आणि त्यावरून मूळ चूक कळते. ज्यांनी पॅच बसवला नाही त्यांच्या घराचा नकाशाच जणू चव्हाट्यावर येतो. कंपनीने पाठिंबा थांबवल्यावर तर नवी भोके बुजवायलाही कोणी उरत नाही. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला इंटरनेट एक्स्प्लोररमधला एक गंभीर दोष जाहीर झाला. मायक्रोसॉफ्टने १ मे रोजी अपवाद म्हणून एक्सपीलाही पॅच दिला. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ स्वतंत्र ब्राउझर म्हणून १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

आजचे ब्राउझर पानाचा मजकूर एका बंदिस्त कप्प्यात उलगडतात, म्हणजे चूक निघाली तरी हल्लेखोराला पुढची भिंत ओलांडावी लागते. क्रोम आणि फायरफॉक्स बाहेरून आलेला फॉन्ट वापरण्याआधी तपासून घेतात. युनिकोडमुळे मराठीसाठी विशिष्ट ब्राउझरला चिकटून राहण्याचीही गरज उरलेली नाही. ब्राउझरच्या ‘अबाउट’ पानावर आवृत्ती दिसते आणि अपडेट अडले असेल तर तेही कळते. अडण्याचे कारण जुनी विंडोज असेल, तर नुसता ब्राउझर बदलून भागत नाही.

तरीही जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली पुस्तके, लग्नपत्रिका आणि पावत्यांचे नमुने सांभाळण्यासाठी एखाद्या छापखान्यात एक्सपीचा संगणक ठेवावा लागतो. त्याने ते काम खुशाल करावे. मात्र त्याची इंटरनेटची तार काढून ठेवावी, त्यावर ई-मेल उघडू नये, आणि त्याला लावायचा पेन ड्राइव्ह आधी अद्ययावत संगणकावर तपासून घ्यावा.