बायपासनंतर पुन्हा रायफल

बायपासनंतर रायफल कधी हातात घ्यायची, असं रेंजवर बरेचजण विचारतात. या शस्त्रक्रियेत छातीचं मधलं हाड उभं कापून तारेनं बांधतात. ते पक्कं जुळायला साधारण ३ महिने लागतात; तोवर जड उचलणं बंद. स्पर्धेची एअर रायफल ५.५ किलोपर्यंत भरते, शिवाय शूटिंगचं कडक जॅकेट नेमकं व्रणावर दाबतं. म्हणून सर्जननी होकार दिल्यावरही आधी रायफल टेकूवर ठेवूनच नेम धरा. दस्ता खांद्याला लावला की छातीत कुठे ओढ बसते, ते लगेच कळतं. एअर रायफलला धक्का जवळपास नसतोच. पण जोरात धक्का देणाऱ्या मोठ्या बोअरच्या रायफलची घाई अजिबात नको. पेसमेकरही बसवायचा असेल तर दस्ता कोणत्या खांद्याला लावता, हे डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे तो दुसऱ्या बाजूला बसवता येईल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हृदयासाठी दिलेले मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर! त्यांनी हात स्थिर होतो, म्हणून वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, नेमबाजीत ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद केलेत. पण औषध स्वतःहून सोडू नका, जीवावर बेतेल. स्पर्धेत उतरायचं असेल तर डॉक्टरांचे कागद जोडून नाडा या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, मागा. ती सहज मिळत नाही. पण १० मीटरवरचा ०.५ मिलिमीटरचा ठिपका टिपण्यात काय कमी थरार आहे?