बिदरीचा काळा रंग पेंट नाही, घासू नका!
लासूर स्टेशनला आमच्या घरी संभाजीनगरहून आणलेली बिदरीची डबी आहे. दिवाळीत मी ती चिंचेने घासली आणि कोपरा पांढरा पडला. (आईचं बोलणं ऐकलं ते वेगळंच!) बिदरीत जस्त जास्त, तांबं थोडं. नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकतात. मग बीदर किल्ल्यातली माती आणि नवसागराच्या गरम पाण्यात धातू काळा पडतो, चांदी मात्र चमकत राहते. इजिप्तमध्येही ३,०००हून जास्त वर्षांपूर्वी काळ्या केलेल्या ब्राँझमध्ये सोनं जडवायचे. तुमच्या फोनची ॲल्युमिनियम बॉडी रंगीत असेल, तर तो रंगही बहुतेक ऑक्साइडच्या थरात मुरलेला असतो. चिंचेच्या आंबटाने हा काळा थरच निघतो. बिदरी फक्त कोरड्या, मऊ कापडाने पुसा.